वाढवायला जागा

४ जानेवारी

चि. खटपटीस मामाचे आशीर्वाद. नेहमीपेक्षा एक जास्त आहे, कारण काम आहे.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तू हल्ली नुसतं ‘हं’ म्हणतेस. जावईबापूंना जाऊन दहा महिने होतील. माणूस गेल्यावर घरातलं बोलणं आटतं हे मला समजतं. पण कागदावर ‘हं’ एवढंच लिहून कोणी लिफाफा चिकटवत नाही. म्हणून हा कावा.

आता काम. मला गेमिंग कॉम्प्युटर हवा आहे. हसून झालं की पुढे वाच.

गुडघ्याचं ऑपरेशन उत्तम झालं असं डॉक्टर म्हणतात. गुडघ्याचं मत वेगळं आहे. सहा महिने डोंगर बंद, शाळेला रजा. तीस वर्षं दर रविवारी चढण चढलेला माणूस आता खिडकीत बसून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी न्याहाळतो. आमचे गणिताचे सर भेटायला आले होते. ते म्हणाले, हल्लीच्या खेळांत अख्खे डोंगर असतात, नद्या असतात, चालत सुटायचं. कड्यावरून पडलं तरी माणूस पुन्हा उभा राहतो. पुनर्जन्माची एवढी सोय आमच्याही शास्त्रात नाही.

तेव्हा मास्तरच्या ऐपतीत बसेल आणि पुढे हळूहळू वाढवता येईल असं यंत्र सुचव. तयार पाठवू नकोस, सुटे भाग पाठव. जन्मभर मुलांकडून समास सोडवून घेतले, एकदा जोडून बघतो.

तुझा,
पंगू मामा


९ जानेवारी

ती. मामास साष्टांग नमस्कार (कागदावर).

हसून झालं. खरंच हसले. आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानाचे मालक चष्म्यावरून बघत राहिले.

स्वस्तात करायचं तर आमच्या धंद्यात एक नियम आहे: जे नंतर बदलणं जिवावर येतं त्यात आत्ता हात आखडू नये, आणि जे सहज बदलता येतं त्यात खुशाल चिंधीगिरी करावी. म्हणून मदरबोर्ड चांगला देतेय. त्यावर रॅमच्या चार खाचा आहेत. दोनच भर, दुसरी आणि चौथी. बाकीच्या दोन नंतरसाठी. प्रोसेसर असा आहे की पडद्यावर चित्र काढायचं कामही तोच करतो, त्यामुळे ग्राफिक्स कार्ड आत्ता नको. पण त्याची जागा मोकळी आहे, आणि पॉवर सप्लाय मुद्दाम मोठा घेतलाय, म्हणजे उद्या कार्ड आलंच तर धाप लागणार नाही. कॅबिनेट ऐसपैस. आत इतकी रिकामी जागा बघून वाईट वाटून घेऊ नकोस, ती हवेसाठी आहे.

हात लावण्याआधी लोखंडी कपाटाला शिव, अंगातली वीज जाते. प्रोसेसर जोर न लावता बसतो. जोर लावावा लागला तर तू चुकतोयस. वर उष्णता वाहून नेणारा लेप, वाटाण्याएवढाच. थालीपीठ थापायचं नाहीये.

डिस्क दुकानातली आहे, वापरलेली, पण ठणठणीत. तिच्यावर सगळं घातलेलंच आहे, तुझा चालायचा खेळसुद्धा. इंटरनेट लागत नाही. खेळ उघडला की ‘नवीन’ म्हण आणि सूट.

नवी खोली बरी आहे. पहिला मजला, अरुंद जिना, तुझ्या गुडघ्याच्या कक्षेबाहेर. फोटो मागू नकोस, पसारा आहे.

तुझी,
खटपटी


२३ जानेवारी

चि. खटपटीस,

यंत्र सुरू झालं! पहिल्यांदा झालं नाही. दुसऱ्यांदा झालं नाही. तिसऱ्यांदा लक्षात आलं की भिंतीवरचं बटण बंद आहे. या प्रकरणाची वाच्यता शाळेत होता कामा नये.

लेप वाटाण्याएवढाच लावला, पण कोणता वाटाणा ते तू लिहिलं नव्हतंस. मी कोवळा धरला. रॅम बसताना ‘कट्’ असा आवाज आला तेव्हा मी डोळे मिटून घेतले, मोडलं समजलो. ते बसल्याचा आवाज होता. आयुष्यात बऱ्याच गोष्टींचं असंच असतं बहुधा.

आता गंमत ऐक. खेळ उघडला तर आत कोणाचं तरी जग आधीपासून होतं. डोंगर, माळ, मधे तळं आणि तळ्यापलीकडे अर्धवट बांधलेलं घर. ‘नवीन’ म्हटलं तर ते पुसलं जाईल अशी सूचना आली. मी थबकलो. आमच्या शाळेत रिवाज आहे: दुसऱ्या शिक्षकाचं फळ्यावरचं लिखाण आपण पुसायचं नाही. कोपऱ्यात जागा करून घ्यायची. मी पण तसंच केलं. त्या घराला हात न लावता अलीकडच्या काठावर माझी झोपडी बांधली. छप्पर गळतं, पण तिथे पाऊसच नाही.

रोज सकाळी चहा झाला की दोन तास चालतो. खुर्चीत बसून दमतो.

मामा

ता. क. पलीकडचं घर काल होतं त्यापेक्षा आज मोठं दिसलं. माझाच चष्मा असेल.


२७ जानेवारी

ती. मामा,

ते जग कुणा जुन्या गिऱ्हाइकाचं असेल. पुसून टाक. ‘नवीन’ दाब, सूचनेला ‘हो’ म्हण. सोपं आहे.

पुसण्याआधी एवढंच कळव, घर कसं आहे?

खटपटी


१ फेब्रुवारी

चि. खटपटीस,

चार ओळींचं पत्र! तेवढ्यात एक आज्ञा आणि एक प्रश्न, आणि दोघांची तोंडं विरुद्ध दिशेला. मी प्रश्नाचं ऐकलं.

तळ्याला वळसा घालून गेलो. घर उंच आणि निमुळतं आहे. जिना अरुंद, एकोणीस पायऱ्या. बारावी इतरांपेक्षा उंच, तिथे माझा खेळातला गडी दर वेळी अडखळतो. वर एकच लांबट खोली. उजव्या भिंतीत अरुंद खिडकी. खोलीच्या मधोमध खांब! कोणता शहाणा राहत्या खोलीत मधोमध खांब ठेवतो? समोरच्या भिंतीवर सामान ठेवायची फळी, तीही धड नाही; डावं टोक खाली कललेलं.

आणि हो, चष्मा निर्दोष आहे. मी वहीत टिपून ठेवायला लागलो. एकोणतीसला फळी नव्हती. तीसला होती. मी यंत्र रीतसर बंद करतो, घरात दुसरं कोणी नाही, आणि इंटरनेटची तार या घरात आलेलीच नाही. तरी रोज काहीतरी वाढतं.

तू इथूनतिथून काही कळ फिरवून म्हाताऱ्याची फिरकी घेत असशील तर आत्ताच कबूल कर. रागावणार नाही. उलट बरं वाटेल.

मामा


५ फेब्रुवारी

मामा,

मी फिरकी घेत नाहीये. तुझी शपथ.

मी खोटं बोलले होते. डिस्क गिऱ्हाइकाची नाही, त्याची आहे. दुकानाचा नियम आहे, जुनी डिस्क बाहेर जायच्या आधी शून्यं भरून पुसायची. मी तीनदा बसले पुसायला. तिन्ही वेळा ‘रद्द करा’ दाबलं. घरात ठेववेना, दुकानात दुसऱ्या कुणाच्या हाती लागेल अशी भीती. तेवढ्यात तुझं पत्र आलं. वाटलं, तुझ्याकडे राहील, तू ‘नवीन’ म्हणशील, आणि माझ्या हातून पुसलं जाणार नाही. तू कुणाचं पुसत नाहीस हे मला आठवायला हवं होतं.

ते तळं त्याचं. पण तो होता तोवर काठावर नुसता चौथरा होता. तो म्हणायचा, घर कसलं बांधायचं ते आपण दोघं मिळून ठरवू.

मामा, ते घर म्हणजे माझी ही खोली आहे. एकोणीस पायऱ्या. बारावी उंच, मी सामान आणताना तिथेच पडले होते. मधोमध खांब आहे. फळी मीच लावली तीस जानेवारीला, एकटीने, आणि डावीकडे कलली. ही खोली मी तो गेल्यावर घेतली. त्याने ती पाहिलेली नाही. तूही नाहीस. कुणीच नाही.

त्याने मला शोधून काढलं.

यंत्र बंद करू नकोस. रोज काय नवीन दिसतं ते लिही, बारीकसारीक सगळं. आणि माझ्या वतीने तिथे एक पाटी लाव: ‘मी इथेच आहे.’

खटपटी


९ फेब्रुवारी

चि. खटपटीस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग गुडघा विसरून उठलो आणि त्याने लगेच आठवण करून दिली.

आम्हां संस्कृतवाल्यांकडे एक न्याय सांगतात. लाकूड पोखरता पोखरता किड्याकडून चुकून एखादं अक्षर उमटतं. म्हणून किडा साक्षर ठरत नाही. खांब जुळला तेव्हा मी तेच म्हटलं. पण अक्षरामागून अक्षर येत अख्खं वाक्य उमटलं तर काय म्हणायचं, ते त्या न्यायात नाही. मी शोधलं.

पाटी लावलेली नाही. रागाव. जावईबापूंना मी ओळखत होतो. माझा रेडिओ दुरुस्त करायला याच टेबलाशी बसले होते, दोन तासांत सहा शब्द बोलले. चांगला माणूस. पण पलीकडे जे कोणी बांधतंय ते तेच, असं मला अजून म्हणवत नाही. ओळख पटल्याशिवाय मी मुलीचा पत्ता कोणाला देत नाही.

एक गोष्ट नोंदवतो. सात तारखेला सकाळी पाहिलं तर खिडकी नव्हती. आतून काळा दगड लावून नीट बंद केलेली. खोलीत अंधार.

तुझी खिडकी उघडी आहे ना? दुकानात जातेस ना? जेवतेस काय? हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत, तीन उत्तरं हवीत.

मामा


१३ फेब्रुवारी

मामा,

तीन उत्तरं.

दुकानात गेले नाही, बरेच दिवस झाले. मालकांना ताप आहे म्हणून कळवलंय. भूक फारशी लागत नाही, बिस्किटं आहेत.

खिडकीपुढे मी कपाट सरकवलंय. दहा तारखेला. उन्हाची तिरीप डोळ्यांवर यायची. तुझं पत्र मिळालं बाराला. म्हणजे मी कपाट सरकवलं तेव्हा त्याने खिडकी बंद केलीय हे मला माहीत नव्हतं. त्याने सातला बंद केली, मी दहाला! फळी लागली त्याच दिवशी त्याने लावली होती. आता तो माझ्या तीन दिवस पुढे आहे. कळतंय का तुला? आधी तो माझ्यामागे होता, मग बरोबरीने आला, आता पुढे चाललाय. वाट दाखवत असल्यासारखा.

मला भीती नाही वाटत. कितीतरी दिवसांनी इतकं शांत वाटतंय. खोली आता छान अंधारी आहे, आवाजही येत नाहीत.

पुढे काय आहे तेवढं सांग. मी तसं करते.

खटपटी


१७ फेब्रुवारी

बाळा,

तुला खटपटी म्हणायला आज जीभ वळत नाही. तुझं पत्र काल आलं. चार वेळा फोन केला, तू उचलला नाहीस. दुकानाच्या मालकांना केला. तुला ताप असल्याचं ते मला समजावून सांगत होते.

पुढे काय आहे ते मी सांगणार नाही. मी ते चौदापासून बघतोय. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातला कप टेबलावर ठेवायला गेलो आणि टेबल तिथे नव्हतं. कपाचे तुकडे झाले. एवढ्यावरून समज.

पण मी काय केलं ते सांगतो. आज सकाळी बरोबर अकरा वाजता मी कुदळ घेऊन त्या घरात शिरलो आणि तुझ्या खिडकीतला काळा दगड फोडला. तीस वर्षं कुणाचं लिहिलेलं पुसलं नाही, आज फोडलं. आतून कोणी हात धरला नाही. दगड पडताच खोलीत ऊन आलं. मग मी त्या खोलीत उभा राहून मोठ्यांदा म्हटलं, इकडे माझ्या खुर्चीत बसूनच म्हटलं, “जावईबापू, तुम्ही असाल तर ऐका. पोरगी आमचीही आहे.”

समोरच्या गच्चीवर टाकी धुणारा माणूस थांबून माझ्याकडे बघायला लागला. बघू दे.

पंचवीसपर्यंत तुझं अक्षर दिसलं नाही तर मी निघतो. एकोणीस पायऱ्या आहेत ना? पाठमोरा बसून एकेक चढीन. बाराव्या पायरीवर तुझ्या नावाने खडे फोडीन.

मामा


२१ फेब्रुवारी

मामा,

निघू नकोस. लिहितेय.

सतरा तारखेला सकाळी मी पलंगावर पडून होते. उठावं असं वाटत नव्हतं, म्हणजे कधीच उठावं असं वाटत नव्हतं. हे मी तुला आत्ता सांगतेय, तेव्हा कुणी विचारलं असतं तर ‘हं’ म्हटलं असतं. तेवढ्यात दारावर धपाधप थापा. घरमालकीणबाई, बरोबर प्लंबर. खालच्या घरात भिंतीतून पाणी उतरतंय म्हणे. बाई आत आल्या, नाकाला पदर लावून म्हणाल्या, “अगं, माणूस राहतं की घुबड? काढ ते कपाट, पाइप त्याच्यामागे आहे.” मी नको म्हणेपर्यंत त्या दोघांनी कपाट ओढलं. सगळी खोली एकदम पांढरी झाली. मला काही दिसेना. घड्याळ तेवढं दिसलं. अकरा.

पाइप कोरडा होता, मामा. प्लंबरने सगळीकडे हात लावून पाहिला. खालच्या बाई म्हणाल्या, आमच्याकडे पाणी आलंच नाही, आम्ही कुणाला बोलावलं नाही. घरमालकीणबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मग सकाळी माझ्या दारावर कोण सांगून गेला?”

तुझं पत्र आज मिळालं. वेळ वाचली, पुन्हा वाचली.

मग जेवले. जिना उतरून दुकानात गेले. माझी खुर्ची तशीच होती, वर कुणाचा तरी कीबोर्ड उघडून ठेवलेला. मालक म्हणाले, “ताप उतरला?” मी म्हटलं, उतरतोय.

शनिवारी मी येतेय. ते घर मला बघायचंय. तो तिथे आहे का ते बघायचंय. पण एकटीने नाही, तुझ्या शेजारी बसून.

खटपटी


२५ फेब्रुवारी

चि. खटपटीस आशीर्वाद, या खेपेला हातचं राखून नाही.

तू येतेस म्हणून आता लपवलेलं सांगतो. चौदाला त्या खोलीचं दार नाहीसं झालं होतं. दाराच्या जागी भिंत. छपराच्या फटीतून डोकावलो तेव्हा आत पलंग दिसला, आणि पलंगावर दगडांचा एक थर. आडवा, झोपलेल्या माणसाच्या लांबीचा. सतराला तीच फट रुंद करून मी आत उतरलो. बस. तुला सांगितलं असतं तर तू ‘तसं’ केलं असतंस.

मी आठवडाभर समजत होतो की ते तुला आत बोलावताहेत. तुझं पत्र वाचल्यावर माझा रेडिओ आठवला. त्या दिवशी मी विचारलं होतं, “जावईबापू, बिघाड कुठे आहे?” त्यांनी झाकण उघडलं, यंत्र माझ्यापुढे सरकवलं आणि जळलेल्या जागेवर बोट ठेवून गप्प बसले, मला दिसेपर्यंत. पोरी, ते घर तुझ्यासाठी नव्हतंच. ते माझ्यापुढे सरकवलेलं होतं. आणि हा मास्तर वहीत पायऱ्या टिपत बसला.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर, मला वाटतं, ‘आहे’ असं आहे. पण उत्तर द्यायचा अधिकार तुझा.

आता आजचं वर्तमान. बावीसपासून घर कमी होतंय. मोडतोड नाही, कोणीतरी सोडवतंय. छपराचे दगड आधी, मग भिंती, मग जिना वरून खाली. एकेक दगड काढून जमिनीवर ओळीने मांडलाय, ज्या क्रमाने काढला त्या क्रमाने. त्यांनी माझ्या टेबलावर रेडिओचे स्क्रू असेच मांडले होते. मी गमतीने विचारलं होतं, ही पूजा कसली? तेव्हा त्यांच्या सहा शब्दांतले पाच खर्च झाले: “उलट्या क्रमाने परत जोडता येतं.” काल सकाळी पाहिलं तर उरला होता फक्त चौथरा. ओळ तळ्याला वळसा घालून माझ्या झोपडीच्या दिशेने आली होती.

ती कुठवर येते ते मी पाहिलेलं नाही. कालच यंत्र बंद केलं आणि विजेची तार भिंतीतून नि यंत्रातून उपटून कपाटात ठेवली. तू नसताना बघायचा मोह नको, आणि चालू करायचं की नाही ते शनिवारी तू ठरवायचंस. नको म्हणालीस तर टाकीकडे बघत चहा पिऊ. तीही आता मला ओळखते.

एकच सांगून ठेवतो, म्हणजे दारात आल्यावर दचकणार नाहीस. तार कपाटात आहे, मी आत्ता उठून पुन्हा खात्री केली. आणि हे लिहीत असताना कॅबिनेटमधला पंखा ऐकू येतोय. घाबरण्यासारखा आवाज नाही. घरात कोणी झोपलं असलं की माणसं जशी पाऊल न वाजवता वावरतात, तसा आहे. मीही सकाळपासून चपला काढून फिरतोय.

शनिवारी ये.

मामा